थोरली, धाकटी आणि एक सैल गाठ

लातूर जिल्हा झाला त्या साली मी बावीस वर्षांची होते आणि नव्या कलेक्टर कचेरीत नुकतीच कारकून म्हणून लागले होते. टेबलं नवी, शिक्के नवे, साहेब नवे. जुने होते ते फक्त कागद. ते उस्मानाबादेहून ट्रकांत भरून यायचे आणि आमच्या रेकॉर्डच्या खोलीत छतापर्यंत त्यांची थप्पी लागायची.

दुपारच्या सुट्टीत भाकरी संपली की मी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढायची. तिच्यात जहाजं होती. कोणतं जहाज किती मोठं, कुठे बांधलं, धुराडी किती, कुठून कुठे जायचं. ही वही एकदा हेडक्लार्कसाहेबांच्या नजरेला पडली आणि माझी शांतता संपली. "काय बाई, आज कोणतं जहाज लागलं धक्क्याला?" असं ते रोज विचारायचे. समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर, नळाला पाणी आलं तर आलं, आणि ही पोरगी जहाजं मोजत बसते, याची त्यांना भारी मौज वाटायची. मी चिडायची. मला चिडायला फार काही लागत नाही. पण खरं कारण त्यांना सांगायची सोय नव्हती. ते कारण म्हणजे माझीच एक चूक होती, दहा वर्षांपूर्वीची.

ती चूक सांगायची तर आधी दोरी सांगायला हवी.

माझे आजोबा, घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. औशाजवळचं आमचं गाव, तेव्हा निजामाच्या अमलातलं. गावात पोट भरेना म्हणून ते चालत सोलापूरला गिरणीत काम बघायला गेले. तिथे फौजेची खेचरं हाकायला माणसं घेत होते. आबांना यंत्रापेक्षा खेचर बरं वाटलं आणि ते तिकडे वळले. मुंबईला त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ते सोबतच्याला म्हणाले, "एवढं पानी, आन एकबी मोट न्हाई!" ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की मीच तिथे उभी होते असं मला वाटतं.

जहाजावर दिवस मोजायचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता. आमच्याकडे लिहिता न येणारी माणसं दोरीला गाठ मारून दिवस मोजत. कामाचे रोज, बाळंतिणीचे दिवस, लग्नाला उरलेले दिवस, सगळं दोरीवर. आबांनी एका खलाशाकडून बोटाएवढ्या जाडीची काथ्याची दोरी मागून घेतली आणि रोज दिवस मावळला की एक गाठ मारली. जाताना एका टोकाकडून मारत गेले, येताना दुसऱ्या टोकाकडून. मधला भाग कोरा. तो लढाईचा. तिथल्या दिवसांना त्यांनी गाठी मारल्या नाहीत. "ते दिस मोजण्यासारखे नव्हते," एवढंच ते म्हणायचे.

जहाजांची खरी नावं त्यांना कधी कळलीच नाहीत. जिनं नेलं ती थोरली, तिला तीन धुराडी. जिनं परत आणलं ती धाकटी, तिला दोन. थोरली तापट होती, हलवून हलवून जीव काढायची. धाकटी स्वभावानं गरीब. आमच्या घरात या दोघींचं बोलणं असं चालायचं की नव्या माणसाला वाटावं, आबांना दोन बायका होत्या. एक बाहेरगावची पाहुणी तर आजीचा हात हातात घेऊन तिची कीव करून गेली होती.

लढाईला गेल्याचा दुसरा पुरावा घरात उरला नव्हता. फौजेचा कागद वाळवीनं खाल्ला. एक पदक होतं, पण वस्तीतला प्रत्येक नवरदेव ते लग्नापुरतं छातीवर मिरवायला मागून न्यायचा. असंच एकदा ते इस्लापूरकडच्या वऱ्हाडाबरोबर गेलं आणि नवरीसारखं तिकडेच नांदलं. राहिली ती दोरी. ती खुंटीला असायची आणि ती आत्याची होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी परतली. मला तिनंच वाढवलं, कारण आई सदा शेतात. आत्या चार-पाच वर्षांची असताना आबा तिला मांडीवर घ्यायचे, दोरी तिच्या हातात द्यायचे आणि तिची बोटं गाठींवरून चालवायचे. इथं मुंबई सुटली. इथं मासे उडाले. इथं खाऱ्या पाण्यानं आंघोळ केली आणि अंगाला मीठ लागलं. काही गाठींना गोष्ट होती, काहींना नव्हती. पुढे मोठेपणीही दुपारी जरा टेकली की आत्या दोरी हातात घ्यायची आणि डोळे मिटून बोटं चालवायची. आत्याला आकडे यायचे, बाजारात तिला कुणी फसवलेलं मी पाहिलं नाही. पण त्या गाठी तिनं कधी मोजल्या नाहीत. बोटांना पाठ होतं, मग मोजायचं कशाला?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी बारा वर्षांची. घरातली मोठी माणसं सगळी रस्त्याच्या सरकारी कामावर, खडी फोडायला. खायला मिलो होती, अमेरिकेहून जहाजानं आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी तव्यावरच तुकडे तुकडे व्हायची. आत्या ते तुकडे गोळा करत म्हणायची, "खा गं, थोरलीनं धाडलीया माहेराला." आणि आम्ही हसत हसत ते खायचो. खरं सांगते, त्या वर्षीचं मला भुकेपेक्षा हसू जास्त आठवतं. ते लहानपणामुळे असेल.

पाणी मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. वस्तीचा आमचा स्वतःचा आड होता, चांगला सहा परस, म्हणजे सहा माणसं बुडतील इतका खोल. त्याचं पाणी रोज वीतभर खाली जायचं. बादलीच्या दोराला दुसरा दोर जोडला, मग तिसरा. वस्तीतल्या म्हशींची दावीसुद्धा त्यात गेली, कारण म्हशी आधीच विकल्या गेल्या होत्या. एके दिवशी सकाळी आम्ही पाच-सहा पोरी पाण्याला गेलो आणि बादली पाण्याच्या वरच लटकून राहिली. वाकून पाहिलं तर खाली पाणी चकाकतंय आणि बादली हातभर वर झोके घेतेय. कामावरून मोठी माणसं यायला दिवस मावळणार. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. का, तर मी शाळेत पहिली यायची.

मी घरी गेले आणि खुंटीवरची दोरी काढून आणली. दोरी ती दोरी, असा माझा हिशेब. ती जोडली. आता लांबी पुरायला हवी होती, पण आबांच्या गाठी कप्पीत अडकल्या. दोर ना खाली जाईना, ना वर येईना. कसाबसा मागे ओढून काढला आणि मी आडाच्या कट्ट्यावर बसून गाठी सोडायला घेतल्या.

पन्नास वर्षांच्या गाठी त्या. काथ्या दगडासारखा आवळलेला. मी दात लावले, नखं लावली, शेवटी बाभळीचा काटा आणून एकेक पीळ उकलला. पहिल्या दोघींनी माझं बोट रक्ताळलं. तिसरी मात्र हात लावताच सुटली. मला वाटलं, वा, हात बसला! पण चौथी पुन्हा तशीच हट्टी निघाली. पोरी भोवती बसून प्रत्येक गाठीला ओरडत होत्या. एक गाठ सुटली की दोरी चार बोटं वाढायची. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत झाली होती. दोर सोडला, कप्पी करकरली, आणि खालून बादली पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. आम्ही नाचलो. म्हाताऱ्या बायकांनी माझ्यावरून बोटं मोडली. आयुष्यात माझं इतकं कौतुक पुढे कधी झालं नाही, नोकरी लागली तेव्हासुद्धा नाही.

आत्या खडी फोडून आली. खुंटीकडे पाहिलं. मग आडावर गेली आणि दोराचा काथ्याचा भाग शोधून त्याच्यावरून बोटं चालवली. एका अंगानं चालवली, दुसऱ्या अंगानं चालवली. माझ्याकडे वळून तिनं एवढंच विचारलं, "किती व्हत्या गं?"

"मोजल्या न्हाईत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. मग मी काढलेल्या पाण्यातलं तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "पानी गोड हाय."

बस. ती रागावली असती तर मी उलट बोलले असते, दोघी भांडलो असतो आणि मी मोकळी झाले असते. पण तिनं पुन्हा तो विषयच काढला नाही. पुढच्या साली पाऊस झाला, दोर सुटे झाले, आबांची दोरी खुंटीवर परत आली. एका दुपारी मी शाळेतून आले तर आत्या दोरी घेऊन बसली होती. एक गाठ मारायची, बोट फिरवायची, सोडायची. दोन मारायची, मान हलवायची, सोडायची. "न्हाई, असं नव्हतं," असं स्वतःशीच म्हणत होती. मी दारातूनच मागे फिरले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं होतं. आबांच्या मांडीवरचं तिचं बसणं मी सोडवून टाकलं होतं, आणि तेही न मोजता.

म्हणून मी ठरवलं, गाठी किती होत्या ते शोधायचं.

आधी गणित करून पाहिलं. दोरी गाठी सोडल्यावर किती वाढली असेल, एका गाठीला चार बोटं, भागाकार केला. उत्तर पंधरा ते वीस आलं. मी ते मोठ्या दिमाखात आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा-वीस? ही काय भाजी हाय का बाजारातली?" आणि भाकरी थापायला लागली. तिचं बरोबर होतं. शिवाय थोरलीच्या किती आणि धाकटीच्या किती, ते त्या भागाकारातून निघतच नव्हतं.

मग मी दुसरा रस्ता धरला. जहाजांची नावं मिळाली की ती मुंबईहून कधी सुटली आणि बसऱ्याला कधी लागली ते कुठेतरी लिहिलेलं असणारच. मधले दिवस मोजले की गाठी मिळाल्या. कागदावर किती सोपं! कॉलेजसाठी मी नांदेडला मामाकडे राहायला गेले. मामा रेल्वेच्या कचेरीत होता. त्याला मी जहाजांचं सांगितलं तर तो म्हणाला, "भाचीबाई, आगगाडी हरवली असंल तर सांग, आत्ता शोधून देतो. जहाजाचं आमच्या खात्यात येत न्हाई."

नांदेडच्या एका जुन्या ग्रंथालयात मी रविवारी जाऊन बसायची. तिथले ग्रंथपाल शांत, पान खाणारे गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडे गोदावरी हाय. तिच्यात नाव चालते, तीबी पावसाळ्यात." पण पुढच्या रविवारी त्यांनी माळ्यावरून जहाजांच्या चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक धूळ झटकून काढून ठेवलं होतं. मी ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. तीन धुराड्यांची जहाजं वेगळी काढली, दोन धुराड्यांची वेगळी. दोन धुराड्यांची इतकी निघाली की धाकटीचा मला थोडा रागच आला. तीन धुराड्यांची त्या वेळी इकडे येत असतील अशी सात सापडली. सातही चित्रं मी वहीत हातानं काढली. माझी चित्रकला बघून ग्रंथपाल म्हणाले, "ह्या चुली हायत का?"

मुंबईच्या एका कचेरीला पत्र घातलं की, माझे आजोबा कोणत्या जहाजानं गेले ते कळवावं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: जहाजाचं नाव कळवल्यास माहिती देता येईल. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मामीपुढे टाकून दिलं. मग सात नावं लिहून दुसरं पत्र घातलं. त्याला उत्तर आलं नाही. फौजेकडे लिहिलं, तर त्यांना आबांचा नंबर हवा होता. नंबर कागदावर होता, कागद वाळवीच्या पोटात होता. अशी तीन वर्षं गेली, वही भरत गेली, आणि गाठ एकही मिळाली नाही.

दरम्यान आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी सुट्टीत गावी गेले की ती चेहरा जवळ आणून मला बघायची. "आता दिसंना झालंय बाई," ती एकदा हसून म्हणाली, "त्या गाठी असत्या तर बरं झालं असतं. त्यांना डोळे लागत न्हाईत." ती हे मला टोचायला बोलली नव्हती, हे मला माहीत होतं. म्हणून तर ते जास्त टोचलं.

आणि मग नोकरी लागली, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

आमच्या रेकॉर्डच्या खोलीत निजामाच्या काळातले बस्ते होते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या उर्दूत. कोणता बस्ता कोणत्या तालुक्याचा हे कळल्याशिवाय तो कोणत्या मांडणीवर ठेवायचा ते कळेना, आणि आमच्यात उर्दू कुणालाच येईना. मग औशाहून एक निवृत्त मास्तर बोलावले. किल्ल्याजवळ राहायचे, सकाळच्या एसटीनं यायचे. पांढरी दाढी, खिशात भिंग. ते खुर्चीत बसून चिठ्ठी वाचायचे, मी मराठीत पाटी लिहायची. "मौजे अमुक, मामला बांधाचा. मौजे तमुक, मामला बैल चोरीचा." दोन महिने हेच. मध्ये मध्ये त्यांना जुन्या कारकुनांच्या हस्ताक्षराचा राग यायचा. "बेटी, हे लिहिलंय का कोंबडी चालून गेलीया?" असं म्हणायचे आणि भिंग पुसायचे.

एका दुपारी त्यांनी आमच्या गावाचं नाव वाचलं. मी पाटी लिहिता लिहिता म्हणाले, "मास्तरसाब, हे माझं गाव."

"असं का? मग ऐका. मामला गावकीच्या पाळीचा आन जमिनीचा." ते थांबले. भिंग जवळ नेलं. "आन हे काय... सोबत पंचनामा, दोरीचा. दोरीचा पंचनामा? चाळीस वर्षं कागद वाचतोय, असलं काही पाहिलं न्हाई."

माझ्या हातातली पाटी खाली पडली.

गावकीची पाळी म्हणजे गावाची कामं आमच्या घरांनी आळीपाळीनं करायची ती जुनी रीत. छप्पन्न साली आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ती कामं कायमची टाकली, पण आबांच्या काळात पाळीबरोबर थोडी जमीन असायची. बस्त्यातल्या कागदांवरून कळलं ते असं: आबा लढाईला गेले तसा एका भाऊबंदानं त्यांचा हिस्सा धरला. आबा परत आले तर तो म्हणाला, हा कसला लढाईला जातोय, हा मुंबईत गिरणीत होता, समुद्र त्यानं पाहिलासुद्धा नाही. म्हणून आबांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला, आणि पुरावा म्हणून दोरी नेली. आमच्या घरात एवढंच ठाऊक होतं की आबा कचेरीत जाऊन जिंकून आले. दोरी त्यांच्यासोबत गेली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि कचेरी म्हटलं की पंचनामा आलाच. समोर काहीही ठेवा, सरकारी माणूस आधी ते मोजतो.

मास्तर सावकाश वाचत गेले, मी वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. अर्जदारानं काथ्याची एक दोरी हजर केली. पंचांसमक्ष मोजली. एका अंगाला गाठी अकरा. दुसऱ्या अंगाला गाठी आठ. मधला भाग कोरा. जाण्याच्या जहाजाचं नाव विचारलं, अर्जदार सांगतो, थोरली. येण्याच्या जहाजाचं नाव विचारलं, अर्जदार सांगतो, धाकटी.

"ह्या कोणत्या कंपनीच्या बोटी?" मास्तरांनी मान वर करून विचारलं. मी हसत होते आणि रडतही होते. तीन वर्षं मी ज्या नावांमागे हिंडले ती निजामाच्या सरकारी कागदावर उर्दूत लिहिलेली होती, आणि ती आमच्या घरातलीच होती.

"थांबा, अजून हाय," मास्तर म्हणाले. "अकरापैकी तिसरी गाठ सैल आढळली. सबब विचारली. अर्जदार सांगतो, त्या दिवशी उलट्यांनी मला शुद्ध नव्हती. दिवस मावळला तो मी डोळ्यांनी पाहिला न्हाई. सोबतच्यानं सांगितलं म्हणून गाठ मारली. न पाहिलेला दिवस घट्ट बांधला तर खोटं होईल, म्हणून ढिली ठेवली." मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "बेटी, इतका खरा माणूस फौजेत काय कामाचा?"

हात लावताच सुटलेली ती तिसरी गाठ. हात बसला असं मला वाटलं होतं.

त्याखाली एकच ओळ होती, अर्ज मंजूर. कारकुनाचं हस्ताक्षर खरंच कोंबडी चालून गेल्यासारखं होतं, पण मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मी सोडताना जे केलं नाही ते त्यानं साठ वर्षांपूर्वी माझ्यासाठी करून ठेवलं होतं.

हेडक्लार्कसाहेब आले. "काय बाई, लागलं का जहाज?" मी म्हणाले, "हो साहेब, दोन्ही लागली." आणि मग त्यांना सगळं सांगून टाकलं, आडापासून. त्यांनी माझी नक्कल मागून घेतली, शेवटपर्यंत वाचली, खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली आणि नव्या जिल्ह्याचा नवाकोरा शिक्का त्यावर मारला. इतका दाबून मारला की मागच्या पानावरच्या जहाजावरही तो उमटला. त्या दिवसानंतर त्यांनी मला चिडवलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

शनिवारी मी औशाची एसटी धरली आणि तिथून गावी गेले. आत्या ओसरीत शेंगा फोडत होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "आत्या, जाताना अकरा, येताना आठ."

तिनं विचारलं नाही, काय अकरा. शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "काढ खुंटीवरची."

आम्ही दोघी बसलो. मी वाचून दाखवत होते, ती गाठी मारत होती. तिला नीट दिसत नव्हतं, पण गाठ बरोबर चार बोटांची पडत होती. दोन झाल्या आणि ती तिसरी आवळायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. "ही ढिली ठेवायची," मी म्हणाले, आणि पंचनाम्यातलं आबांचं बोलणं वाचलं.

आत्यानं आवळायला घेतलेला पीळ सोडला. मग म्हणाली, "आबांनी ठेवली व्हती?"

"हाव. आबांनीच."

"मला वाटायचं माझ्या हातानं झाली." ती हसायला लागली आणि तिच्या त्या अंधुक डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "ल्हान होते तवा मी तिच्याशी खेळायची. मला वाटलं आबांचा एक दिस मी बिघडवला. जलमभर त्यांना सांगितलं न्हाई. तू गाठी सोडल्यास तवा कोणत्या तोंडानं तुला बोलू? मला वाटलं, ही माझ्यावरच गेलीया."

दहा वर्षं मी तिच्या न रागावण्याला घाबरत होते, आणि ती साठ वर्षांची बाई लहानपणापासूनच्या भीतीनं गप्प बसली होती. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दोघी हसलो, इतक्या की आई चुलीपासून उठून बघायला आली.

तिसरी गाठ तिनं मला मारायला लावली. "तूच मार. ढिली मारायला हात चांगला हाय तुझा." मग थोरलीच्या उरलेल्या आठ आणि धाकटीच्या आठही स्वतः मारल्या. झाल्यावर डोळे मिटून तिनं एका टोकापासून बोटं चालवली. इथं मुंबई सुटली. इथं मासे उडाले. इथं आबा पडले. ही गोष्ट आता नवीनच होती. शेवटच्या गाठीवर बोटं थांबली आणि तिनं मोठा सुस्कारा सोडला.

दोरी खुंटीला लावून मी वळले तशी ती मागून म्हणाली, "ऐक गं. उद्या फिरून दुष्काळ पडला, आन पानी खाली गेलं, तर सोड गाठी. पान्यापुढं काय न्हाई. पर आधी मोज."